शीव आणि शिवकर : एका विरळ स्थलवाचक आडनावाची चिकित्सा

'-कर' या प्रत्ययाने शेवट होणारी मराठी आडनावे स्थलवाचक होत, हे मत आता इतके रूढ झाले आहे की त्यापुढे चौकशी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. आडनावातील प्रत्यय वेगळा काढावा, उरलेल्या शब्दाशी जुळणारे गाव नकाशावर शोधावे आणि त्या घराण्याचे मूळ तेथे आहे असे समजावे, अशी ही सोपी रीत आहे. बहुसंख्य आडनावांच्या बाबतीत ती निभावून जाते. परंतु विरळ आडनाव हाती आले म्हणजे तिची खरी कसोटी लागते. मुंबई बेटाच्या उत्तर टोकावरील शीव आणि तिच्याशी ज्याचा संबंध सहज जोडला जातो ते 'शिवकर' हे आडनाव यांचा विचार प्रस्तुत निबंधात याच हेतूने केला आहे. शीव हे मुंबईच्या इतिहासात वारंवार येणारे ठिकाण; असे असता तिच्या नावाचे आडनाव इतके थोडे का आढळावे, आणि जे आढळते ते सर्व याच शिवेचे मानावे काय, असे दोन प्रश्न येथे उपस्थित होतात.

१. शब्द आणि स्थळ

'शीव' म्हणजे सीमा. संस्कृत 'सीमा' या शब्दातील दोन स्वरांमधील मकाराचा मराठीत वकार झाला, जसा तो 'ग्राम' पासून 'गाव' आणि 'नाम' पासून 'नाव' या शब्दांत झाला. इकारापूर्वीच्या सकाराचा शकार होणे हीही मराठीची नित्याची प्रवृत्ती आहे. 'सीव्यति' पासून 'शिवणे' आणि प्राकृत 'सिंपइ' पासून 'शिंपणे' ही तिची परिचित उदाहरणे होत. म्हणून 'शीव' हे रूप सर्वस्वी मराठी असून त्यासाठी बाहेरच्या आधाराची गरज नाही. 'सायन' या इंग्रजी उच्चाराचा संबंध बायबलातील टेकडीशी जोडणारी एक समजूत प्रचलित आहे खरी. परंतु ती त्या परक्या रूपाचे फार तर स्पष्टीकरण करील, मूळ मराठी शब्दाचे नव्हे.

स्थळानेही नावाचा अर्थ सार्थ केला आहे. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधील खाडी येथेच होती. १६६१ च्या विवाहतहान्वये मुंबई इंग्रजांकडे जावयाची ठरली, १६६५ मध्ये तिचा ताबा त्यांना मिळाला आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे शीव ही दोन राज्यांमधील प्रत्यक्ष सीमा बनली. गव्हर्नर जेरल्ड आँजिए याच्या कारकिर्दीत (१६६९-१६७७) येथील टेकडीवर किल्ला बांधला गेला तो याच कारणाने. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकल्यावर सीमेपलीकडचा धनी बदलला, सीमा तीच राहिली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली, तेव्हा शिवेचे राजकीय महत्त्व संपले. प्रशासकीय महत्त्व मात्र पुढेही टिकले. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द आखली जाईपर्यंत मुंबई शहराची नगरपालिका-हद्द या बाजूस येथेच संपत असे. आणि मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांची विभागणी आजही शीव आणि कुर्ला यांच्या दरम्यानच होते.

२. '-कर' प्रत्ययाचे कार्य

एखाद्या गावचा रहिवासी त्याच गावात त्या गावच्या नावाने ओळखला जात नाही, कारण तेथे ते नाव सर्वांनाच सारखे लागू पडते. चिपळुणात राहणाऱ्यास 'चिपळूणकर' म्हणण्यात काही विशेष नाही. तो पुण्यास गेला म्हणजे विशेष उत्पन्न होतो. स्थलवाचक आडनाव हे या दृष्टीने वास्तव्याचे नसून निर्गमनाचे चिन्ह होय. नीरातीरावरील होळ गावाचे घराणे होळकर म्हणून प्रसिद्धीस आले ते माळव्यात. अलिबागजवळील किहीम गावाचे नाव धारण करणारे केहीमकर, किंवा १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्रायल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारणारे दिवेकर, यांची आडनावे कुलाब्याच्या किनाऱ्याची आहेत. तो किनारा सोडल्यावरच त्यांना अर्थ आला, आणि १९४८ नंतर तीच आडनावे इस्राएलमध्येही गेली.

ही प्रवृत्ती केवळ मराठीची नव्हे. बोहेमियात अत्यंत प्रचलित असलेल्या 'नोवाक' या आडनावाचा अर्थ 'नवागत' असा आहे, आणि 'प्राझाक' म्हणजे प्रागहून आलेला. ज्या गावाने असे नाव दिले ते प्राग खासच नव्हे. फरक असा की, हॅब्सबर्ग राज्यात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तुर्कस्तानात १९३४ मध्ये शासनाने आज्ञा करून आडनावे स्थिर केली. महाराष्ट्रात अशी आज्ञा कधीच झाली नाही. येथे आडनावे स्थिर झाली ती शाळेच्या पटावर, न्यायालयाच्या दप्तरात, गिरणीच्या हजेरीपुस्तकात आणि नगरपालिकेच्या जन्मनोंदीत, म्हणजे हळूहळू आणि विषम गतीने.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईकरांची नावे पाहिली असता ही विषमता स्पष्ट होते. जगन्नाथ शंकरशेट (१८०३-१८६५) यांच्या घराण्याचे आडनाव मुरकुटे. ते मागे पडून पित्याचे नावच आडनावासारखे रूढ झाले. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग (१८१४-१८८२) आणि प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग (१८२३-१८९८) हे बंधू आपल्या हयातीत बहुधा स्वतःच्या व पित्याच्या नावानेच ओळखले जात. वसईजवळच्या तर्खड गावावरून आलेले त्यांचे आडनाव 'तर्खडकर' आणि नुसते 'तर्खड' अशा दोन्ही रूपांनी लिहिले गेले. एकाच घराण्यात प्रत्यय कधी असावा आणि कधी नसावा, इतकी ही व्यवस्था त्या काळी शिथिल होती. शाळेच्या पटाचा प्रभाव किती निर्णायक ठरू शके याचे सर्वविदित उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कुळाचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, त्यावरून पटावर आंबडवेकर, आणि पुढे एका शिक्षकाच्या आडनावावरून आंबेडकर, असा क्रम त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. या क्रमातील शेवटचे रूपच जगभर गेले. त्यावरून गावाचा शोध घेऊ पाहणारा अभ्यासक आंबडव्यास न पोचता भलतीकडेच जाईल.

३. अपवाद : ज्यांनी गाव सोडले नाही

निर्गमनाच्या या नियमास मुंबईतच एक महत्त्वाचा अपवाद आहे. वरळीच्या कोळीवाड्यात 'वरळीकर' हे आडनाव विपुल आहे. ही माणसे वरळी सोडून गेली नाहीत. मग त्यांना वरळीचे नाव कोणी दिले? याचे उत्तर शहराच्या वाढीत सापडते. वरळी, परळ, माहीम, शिवडी, माटुंगे, शीव ही एकेकाळी स्वतंत्र खेडी होती. शहर वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आले आणि त्यांना वेढून पुढे गेले. शहराच्या शाळेत, कचेरीत आणि बाजारात त्या खेड्यातील मनुष्य प्रथमच 'अमुक ठिकाणचा' ठरला. त्याने गाव सोडले नाही; गावाचे गावपण त्याला सोडून गेले.

म्हणून '-कर' प्रत्ययाचा नियम अधिक व्यापक शब्दांत मांडणे युक्त होईल. ज्या प्रसंगी एखाद्या व्यक्तीस इतरांपासून वेगळे ओळखण्याची गरज निर्माण होते आणि ती ओळख कोणीतरी लिहून ठेवतो, त्या प्रसंगी स्थलवाचक आडनाव जन्मास येते. तो प्रसंग गाव सोडल्याने येईल, किंवा गावात परके आल्याने येईल. दोन्ही बाबतींत आडनाव हा वास्तव्याचा पुरावा नसून ओळख लिहिली गेल्याच्या क्षणाचा पुरावा होय.

४. शिवेचे आडनाव विरळ का?

हा नियम शिवेस लावून पाहता तिच्या आडनावाच्या विरळतेची कारणे उलगडू लागतात. पहिले कारण धर्मांतराचे आहे. पोर्तुगीज अमदानीत उत्तर मुंबई बेटातील गावांतून ख्रिस्ती वस्ती निर्माण झाली. शिवेचे चर्च त्या काळाची साक्ष देते. धर्मांतराबरोबर पोर्तुगीज कुलनामे आली. या कुटुंबांपुरती आडनावे इतरांच्या पुष्कळ आधी निश्चित झाली आणि त्यांत ग्रामनामास जागा उरली नाही.

दुसरे कारण वस्तीच्या स्वरूपाचे. सीमेवरचे गाव हे स्वास्थ्याचे गाव नसते. १६८९-९० मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली तेव्हा बेटाचा मोठा भाग त्याच्या ताब्यात गेला आणि किल्ल्याबाहेरील गावांना त्याची झळ लागली. खाजण, मिठागरे आणि दलदल यांनी वेढलेल्या या टोकावर वस्ती बेताचीच राहिली. जेथे माणसे थोडी, तेथून बाहेर पडणारी आणि गावाचे नाव बरोबर नेणारी माणसेही थोडीच असावयाची.

तिसरे आणि सर्वांत निर्णायक कारण कालक्रमाचे आहे. शिवेची लोकसंख्या वाढली ती विसाव्या शतकात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार मंडळाने दादर-माटुंगे आणि शीव-माटुंगे या योजना हाती घेतल्या. जमिनी संपादून, भराव घालून, रस्ते आखून नवी वसाहत निर्माण केली. तिच्यात जे आले ते आपापली आडनावे आधीच निश्चित करून आले होते. रत्नागिरीचा मनुष्य आपल्या गावाचा '-कर' घेऊन आला, घाटावरचा आपले कुळाचे आडनाव घेऊन आला, माटुंग्याकडे तमिळ कुटुंबे आपल्या नामपद्धतीसह आली, आणि १९४७ च्या फाळणीनंतर शीव कोळीवाड्याच्या परिसरात पंजाबी व सिंधी निर्वासितांनी वस्ती केली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतच जन्मलेल्यांचे प्रमाण शंभरात केवळ सोळा होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे. आडनावे घडविणारा काळ ओसरल्यावर शीव गजबजली. तिने रहिवासी मिळविले, पण त्यांना आपले नाव देण्याची वेळ टळून गेली होती. 'सायन' हे नाव शंभर वर्षांहून अधिक काळ सर्वांच्या तोंडी असूनही 'सायनकर' असे आडनाव रूढ झालेले दिसत नाही, ही बाबही याच निष्कर्षास पुष्टी देते.

५. अनेक शिवा, एक आडनाव

आता दुसरा प्रश्न. 'शिवकर' हे आडनाव मुंबईत आणि पनवेल-उरण परिसरात आढळते. त्याची उपपत्ती मुंबईच्या शिवेवरून लावण्यास व्याकरणाची अडचण नाही. प्रत्यय अथवा उत्तरपद लागताना पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व होणे मराठीस धरून आहे. 'मीठ' पासून 'मिठागर', तसे 'शीव' पासून 'शिवकर'. परंतु याच ऱ्हस्वत्वामुळे गोंधळास वाव मिळतो आणि निदान चार निरनिराळ्या वाटा या एका रूपाशी येऊन मिळतात.

पहिली वाट मुंबईच्या शिवेची. दुसरी पनवेल तालुक्यातील शिवकर या गावाची. येथे '-कर' हा आडनावाचा प्रत्ययच नव्हे, तो ग्रामनामाचाच भाग आहे. नियमाप्रमाणे 'शिवकरकर' व्हावयास हवे. तथापि समान अक्षरांची अशी द्विरुक्ती भाषा टाळते आणि गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव म्हणून उरते. पनवेल-उरणकडील घराण्यांच्या बाबतीत मुंबईपेक्षा ही उपपत्ती जवळची मानणे सयुक्तिक होय. तिसरी वाट रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील. तेथे शिव बुद्रुक व शिव खुर्द अशी गावे आहेत. मुंबईच्या गिरणगावास सर्वाधिक माणसे पुरविणाऱ्या जिल्ह्यातील ही गावे असल्याने लालबाग-परळमध्ये आढळणारा एखादा शिवकर शीव स्थानकाच्या नव्हे तर खेडच्या वाटेने आलेला असण्याचा संभव दुर्लक्षिता येत नाही.

चौथी वाट स्थळाची नसून कामाची आहे. 'शीव' हे विशेषनाम होण्यापूर्वी सामान्यनाम होते आणि आजही आहे. प्रत्येक गावास शीव असते. '-कर' प्रत्यय नेहमी रहिवासच दाखवितो असेही नाही. गावाच्या वेशीची राखण करणारा तो वेसकर. हे वेशीवरच्या कामाचे नाव आहे, वेस नावाच्या गावचे नव्हे. गावगाड्यात शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष प्रमाण मानली जाई आणि शीव दाखविणे हे त्याच्या वतनी कर्तव्यांपैकी एक होते. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली, तरी त्यांतून निघालेली नावे मागे राहू शकतात. 'वेसकर' प्रमाणे 'शिवकर' हेही एखाद्या ठिकाणी शिवेवरील कामाचे किंवा शिवेलगतच्या घराचे नाव असू शकेल. हे केवळ अनुमान होय. पण ते डावलण्यास पुरेसा आधार नाही.

याशिवाय दोन आभासांपासून सावध राहावयास हवे. एक, 'शिवकर' हे व्यक्तिनामही आहे. विमानविद्येच्या संदर्भात ज्यांचे नाव घेतले जाते त्या शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६) यांच्या नावात स्थळाचा काही संबंध नाही. ते त्यांचे पाळण्यातले नाव होय. दुसरा आभास ध्वनिसाम्याचा. पूर्व विदर्भातील 'शिवणकर' हे आडनाव निराळे असून त्याचा शोध निराळ्या दिशेने घेतला पाहिजे. मुंबईची कागदपत्रे बहुतांशी रोमन लिपीत असल्याने ऱ्हस्व-दीर्घाचा भेद त्यांत पुसला जातो आणि ही संदिग्धता अधिकच वाढते.

असा गोंधळ एकट्या शिवेपुरता नाही. माहीम मुंबईतही आहे आणि पालघरकडे केळवे-माहीमही आहे; केवळ आडनावावरून माहीमकर कोणत्या माहीमचा हे सांगता येत नाही. परुळेकर हे आडनाव परळचे नव्हे, तर सिंधुदुर्गातील परुळे गावचे. ग्रामनामांची पुनरावृत्ती हा कोकणचा स्वभाव आहे, आणि आडनावांच्या अभ्यासकाने तो प्रथमच गृहीत धरला पाहिजे.

६. प्रमाणांची प्रतवारी

प्रसाराचे मोजमाप करू जाता जनगणनेचा उपयोग होत नाही, कारण तिच्या प्रकाशित कोष्टकांत आडनावांची वर्गवारी नसते. मतदारयाद्या प्रसार दाखवितात, मूळ दाखवीत नाहीत. मूळ शोधावयाचे तर घराण्यागणिकच शोधावे लागते. त्यात कुलदैवताचे प्रमाण वाटते तितके निर्णायक नाही. कार्ल्याच्या एकवीरेस उत्तर कोकणातील कोळी-आगरी समाजातील असंख्य घराणी जातात, मग ती मुंबईची असोत वा पनवेलची. त्यापेक्षा ग्रामदेवतेशी असलेला संबंध, वार्षिक जत्रेतील मान, शेत, मिठागर किंवा घराच्या जागेवरील वहिवाट, आणि सोयरिकीचे जुने क्षेत्र ही प्रमाणे अधिक जवळची होत. मुंबई बेटापुरते पाहता १८६५ ते १८७२ या काळात कर्नल लॉटन याने केलेले भूमापन आणि त्या सुमाराची जमीनमहसुलाची दप्तरे यांना विशेष महत्त्व आहे; कारण सुधार मंडळाच्या योजनांनी जुन्या गावांची रचना बदलून टाकण्यापूर्वीची ती आहेत.

हा काटेकोरपणा पांडित्याच्या हौसेखातर नव्हे. मुंबईतील कोळीवाडे आणि गावठाणे यांच्या हक्कांचा विचार होतो तेव्हा मूळ रहिवासी कोण, हा प्रश्न अटळपणे पुढे येतो, आणि आडनाव हा सर्वांत सहज हाती येणारा दाखला असतो. आडनाव जुळते म्हणून हक्क मान्य करणे जितके धोक्याचे, तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, आडनाव जुळत नाही म्हणून तो नाकारणे धोक्याचे आहे. शिवेच्या ज्या जुन्या कुटुंबांनी पोर्तुगीज कुलनाम घेतले, ज्यांनी पित्याचे नाव चालविले, ज्यांच्या मुलाचे नाव पटावर मास्तरांनी आपल्या समजुतीने लिहिले, ती सर्व शिवेचीच होती. आडनावाने त्यांची साक्ष दिली नाही, एवढ्यावरून ती तेथे नव्हती असे ठरत नाही.

एकंदर विवेचनावरून असे म्हणता येते की, 'शिवकर' या आडनावाची विरळता ही शीव गावाच्या अल्पत्वाची खूण नसून ते गाव आणि आडनावे लिहिण्याची प्रथा यांची वेळ न जुळल्याची खूण आहे. आडनावे निश्चित होत होती तेव्हा शिवेत माणसे थोडी होती. माणसे आली तेव्हा आडनावे निश्चित झाली होती. आणि जे थोडे शिवकर आढळतात त्यांची शीव कोणती, हे त्यांच्या नावाला विचारून कळावयाचे नाही. ते त्यांच्या जमिनीस, जत्रेस आणि जुन्या कागदास विचारावे लागेल. गाव, नाव आणि शीव हे तिन्ही शब्द भाषेत एकाच नियमाने घडले, पण इतिहासात ते एकत्र नांदतातच असे नाही.